अपडेटनंतर कीफ्रेमचे ईझिंग बदलले किंवा बिघडले : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लग्नाचे व्हिडिओ, शाळेच्या स्नेहसंमेलनाची चित्रफीत, यूट्यूबवरचे पाककृतींचे भाग किंवा एखाद्या संस्थेचा माहितीपट संपादित करणाऱ्यांना सॉफ्टवेअर अद्ययावत केल्यानंतर एक अडचण हमखास येते. कीफ्रेम, म्हणजे अमुक क्षणी जागा किंवा आकार यांचा आकडा (किंमत) किती असावा हे सांगणारी खूण, जिथे लावली होती तिथेच दिसते, तिची किंमतही तीच असते, पण हालचाल मात्र पूर्वीसारखी राहिलेली नसते. शीर्षक गचका खाऊन थांबते, फोटो चेहऱ्यावर स्थिरावण्याऐवजी पुढे घसरतो, किंवा मऊपणे सुरू होणारी हालचाल एकदम सुटते. या अडचणीविषयीचे नेहमीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. केडेनलाइव्ह आणि शॉटकट या मुक्त सॉफ्टवेअरचा उल्लेख अधिक आहे, कारण त्यांच्या प्रकल्पाची फाइल उघडून आत काय आहे ते प्रत्यक्ष पाहता येते. जिथे गरज आहे तिथे आफ्टर इफेक्ट्स, प्रीमिअर प्रो आणि डाविंची रिझॉल्व्ह यांचाही विचार केला आहे.

ईझिंग म्हणजे नेमके काय? ते कीफ्रेममध्येच साठवलेले असते ना?

कीफ्रेम फक्त दोनच गोष्टी सांगते : अमुक क्षणी अमुक किंमत असावी. दोन कीफ्रेमच्या मधल्या प्रत्येक फ्रेमला कोणती किंमत द्यायची हे सॉफ्टवेअर गणिताने ठरवते, आणि त्या गणिताची निवड म्हणजे ईझिंग. कीफ्रेमसोबत साठवले जाते ते बहुधा या गणिताचे नाव किंवा त्याचे एखादे चिन्ह, आणि काही सॉफ्टवेअरमध्ये वक्राच्या हँडलची, म्हणजे वक्र ओढून वळवण्याच्या दांड्यांची, जागा. मधल्या फ्रेमच्या किमती साठवल्या जात नाहीत, त्या दर वेळी नव्याने काढल्या जातात. म्हणूनच अपडेटमध्ये गणित बदलले, नावाचा अर्थ बदलला किंवा चिन्ह वाचण्याची पद्धत बदलली, तर एकही कीफ्रेम न हलता हालचाल बदलते.

हे आकड्यांत पाहिले की लगेच पटते. एक शीर्षक २० फ्रेममध्ये डावीकडून उजवीकडे १००० पिक्सेल सरकते असे धरू. सरळ, म्हणजे लिनिअर हालचालीत ते प्रत्येक फ्रेमला ५० पिक्सेल सरकते. तेच शीर्षक दोन्ही टोकांना मऊ असलेल्या क्युबिक ईझिंगवर टाकले, तर पहिल्या फ्रेममध्ये ते जेमतेम अर्धा पिक्सेल हलते, आणि नवव्या व दहाव्या फ्रेमच्या दरम्यान मात्र सुमारे १३५ पिक्सेलची उडी घेते. सुरुवातीची आणि शेवटची कीफ्रेम दोन्ही वेळा तीच आहे. एसटी स्थानकातून हळूहळू निघते, हमरस्त्यावर वेग घेते आणि थांब्याआधी पुन्हा मंदावते, तसा हा प्रवास आहे. थांबे तेच राहतात, मधला वेग बदलतो.

अपडेटनंतर माझ्या सॉफ्टवेअरमध्ये नेमके कोणते ईझिंग चालू आहे, हे कसे ओळखावे?

डोळ्यांच्या अंदाजावर विसंबू नये, एक छोटी चाचणी करावी. नवा प्रकल्प उघडून त्यात साध्या रंगाची एक क्लिप घ्यावी. तिची आडवी जागा शून्यापासून १००० पिक्सेलपर्यंत बरोबर २० फ्रेममध्ये बदलेल अशा दोन कीफ्रेम लावाव्यात आणि ज्या ईझिंगबद्दल शंका आहे ते दोन्हींना द्यावे. मग कर्सर पहिल्या कीफ्रेमपासून पाचव्या फ्रेमवर नेऊन तिथली किंमत वाचावी.

किंमत २५० असेल तर ईझिंग लागलेलेच नाही, हालचाल सरळ रेषेत आहे. दोन्ही बाजूंनी मऊ असलेल्या प्रकारांत साइन ईझिंग सुमारे १४६ दाखवते, क्वाड्रॅटिक १२५ आणि क्युबिक ६२ किंवा ६३. आफ्टर इफेक्ट्समध्ये एफ९ दाबून मिळणाऱ्या नेहमीच्या ईझी ईझचा प्रभाव दोन्ही बाजूंना ३३.३३ टक्के असतो, आणि त्याचे गणित मांडले तर याच जागी सुमारे १५६ पिक्सेल येतात. किंमत शून्यच राहिली असेल तर कीफ्रेमला होल्ड लागला आहे, म्हणजे शीर्षक पुढच्या कीफ्रेमपर्यंत जागचे हलणार नाही.

या आकड्यांचा आणखी एक उपयोग आहे. आफ्टर इफेक्ट्समध्ये तयार केलेली हालचाल दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा उभी करताना अनेक जण नाव भारदस्त वाटते म्हणून क्युबिक निवडतात आणि मग मधे झटका बसतो अशी तक्रार करतात. १५६च्या जवळचा आकडा १४६ आहे, ६२ नव्हे. अशा वेळी साइन निवडावे.

शीर्षक किंवा फोटो थांबायला हवा तिथे थांबत नाही. तो ठरलेल्या जागेच्या पुढे जातो आणि परत येतो. असे का होते?

ही अडचण सर्वांत जास्त वेळा विचारली जाते आणि तिच्यामुळे सर्वांत जास्त काम वाया जाते, म्हणून उत्तर थोडे विस्ताराने देत आहे.

सलग अनेक कीफ्रेममधून गुळगुळीत वक्र काढण्याच्या एका जुन्या पद्धतीत, म्हणजे कॅटमल-रॉम वक्रात, प्रत्येक दोन कीफ्रेममधला भाग काढताना त्यांच्या अलीकडची आणि पलीकडची कीफ्रेमही हिशेबात धरली जाते. वक्र प्रत्येक कीफ्रेममधून जातो, पण मधल्या भागात तो दोन्ही किमतींच्या बाहेर फुगू शकतो. समजा, एका शीर्षकाचा आकार सारख्या अंतरावरच्या चार कीफ्रेमवर अनुक्रमे ०, १००, १०० आणि ० टक्के आहे. आपली अपेक्षा अशी की शीर्षक मोठे व्हावे, काही काळ १०० टक्क्यांवर स्थिर राहावे आणि मग लहान व्हावे. या वक्राच्या हिशेबाने मात्र दुसऱ्या आणि तिसऱ्या कीफ्रेमच्या बरोबर मध्यावर आकार ११२.५ टक्के होतो. स्थिर राहायला हवे असलेले शीर्षक श्वास घेतल्यासारखे फुगते आणि ओसरते. हीच गोष्ट अपारदर्शकतेवर घडली तर ती शंभराच्या वर जाऊ शकत नसल्याने डोळ्यांना दिसत नाही. जागा आणि आकार यांच्या बाबतीत ती लपत नाही.

मी स्वतः एका लग्नाच्या चित्रफितीत हा प्रकार अनुभवला आहे. अंतरपाट दूर होतानाच्या फोटोवर कॅमेरा हळूहळू नवरीच्या मुंडावळ्यांपाशी येऊन थांबेल अशी हालचाल मी लावली होती. अपडेटनंतर तीच हालचाल मुंडावळ्या ओलांडून मंडपाच्या कापडावर जायची आणि मग ओशाळल्यासारखी मागे यायची. कीफ्रेमच्या किमती मी चार वेळा तपासल्या आणि चारही वेळा त्या बरोबर होत्या. दोष त्यांच्या मधल्या वक्रात होता.

केडेनलाइव्ह आणि शॉटकट ही दोन्ही सॉफ्टवेअर एमएलटी नावाच्या एकाच पायावर उभी आहेत. एमएलटीमध्ये बराच काळ स्मूद हा एकच गुळगुळीत प्रकार होता आणि तो वर सांगितल्याप्रमाणे फुगू शकणारा होता. एमएलटी ७ या मालिकेत त्याचे तीन भेद झाले. पहिला सैल म्हणजे जुन्यासारखाच, दुसरा नैसर्गिक आणि तिसरा घट्ट. नैसर्गिक आणि घट्ट हे दोन्ही प्रकार ठरलेल्या किमतीच्या बाहेर जात नाहीत. घट्ट प्रकारात प्रत्येक कीफ्रेमवर वेग शून्यावर येतो, त्यामुळे मधल्या प्रत्येक कीफ्रेमवर हालचाल क्षणभर टेकते. नैसर्गिक प्रकारात ती गरज नसते तिथे टेकत नाही. सलग प्रवासासाठी नैसर्गिक आणि जागोजागी थांबणाऱ्या हालचालीसाठी घट्ट, अशी निवड मला योग्य वाटते. याच सुमारास साइन, क्वाड्रॅटिक, क्युबिक यांपासून उसळी घेणाऱ्या बाउन्सपर्यंतचे अनेक ईझिंग प्रकारही त्यात आले.

ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या मुक्त सॉफ्टवेअरमध्येही हाच भेद आहे. तिथे हँडलचा ऑटोमॅटिक प्रकार किमतीच्या बाहेर जाऊ शकतो आणि ऑटो क्लॅम्प्ड हा प्रकार त्याला आवर घालतो.

मी वेगाचा वक्र अजिबात बदललेला नाही, तरी वस्तू दोन सारख्या कीफ्रेमच्या मधे भरकटते. हा वेगळा दोष आहे का?

होय, आणि तो ईझिंगचा दोष समजून लोक तासन्‌तास चुकीच्या जागी शोधत बसतात. जागेच्या कीफ्रेमला दोन स्वतंत्र वक्र असतात. एक काळातला, म्हणजे वस्तू कोणत्या वेगाने जाते, आणि दुसरा पडद्यावरचा, म्हणजे ती कोणत्या वाटेने जाते. आफ्टर इफेक्ट्समध्ये नव्या जागेच्या कीफ्रेमची वाट मुळातच ऑटो बेझिए असते, म्हणजे आपोआप वळणदार केलेली असते. एखादी वस्तू एका जागी काही काळ थांबावी म्हणून लागोपाठ दोन सारख्या कीफ्रेम लावल्या, तरी आधीच्या आणि नंतरच्या कीफ्रेममुळे त्या वाटेला वळसा पडतो, आणि थांबलेली वस्तू छोटी फेरी मारून परत येते.

त्या कीफ्रेम निवडून कीफ्रेम इंटरपोलेशनच्या चौकटीत स्पेशिअल (पडद्यावरची वाट) या नोंदीसाठी लिनिअर निवडावे, टेम्पोरल (काळातला वेग) तसेच ठेवावे. प्रीमिअर प्रोमध्ये कीफ्रेमवर उजवी कळ दाबली की स्पेशिअल इंटरपोलेशनखाली हाच पर्याय मिळतो. आफ्टर इफेक्ट्सच्या सर्वसाधारण प्राधान्यांत (प्रेफरन्सेस) नव्या कीफ्रेमची वाट मुळातच सरळ ठेवण्याचाही पर्याय आहे. तो पूर्वी चालू केला असेल आणि नव्या आवृत्तीत प्राधान्ये मूळपदावर गेली असतील, तर नेमकी अपडेटनंतरच ही अडचण सुरू झाल्यासारखी दिसते. जुन्या प्रकल्पातल्या कीफ्रेम ठीक आणि नव्याने लावलेल्या तेवढ्या भरकटतात, असे आढळले तर कारण बहुधा हेच असते.

मी ईझ इन निवडतो आणि परिणाम उलटा दिसतो. अपडेटने नावे बदलली आहेत का?

बहुतेक वेळा नावांचा अर्थच दोन ठिकाणी वेगळा असतो. आफ्टर इफेक्ट्स आणि प्रीमिअर प्रो कीफ्रेमच्या बाजूने बोलतात. तिथे ईझ इन म्हणजे कीफ्रेममध्ये शिरताना मंदावणे, आणि ईझ आउट म्हणजे कीफ्रेममधून निघताना हळूहळू वेग घेणे. वेबच्या जगात आणि ईझिंगच्या गणिती सूत्रांत नावे संपूर्ण हालचालीच्या बाजूने दिलेली असतात. तिथे ईझ इन म्हणजे सुरुवात मंद आणि ईझ आउट म्हणजे शेवट मंद. एमएलटीतले साइन, क्युबिक वगैरे प्रकार या दुसऱ्या रीतीने चालतात.

म्हणजे दोन कीफ्रेममधल्या हालचालीचा शेवट मऊ हवा असेल, तर आफ्टर इफेक्ट्समध्ये दुसऱ्या कीफ्रेमला ईझी ईझ इन द्यावे लागते. केडेनलाइव्ह किंवा शॉटकटमध्ये मात्र पहिल्या कीफ्रेमला आउट गटातला प्रकार द्यावा लागतो, कारण तिथे प्रकार हा कीफ्रेमपासून पुढच्या कीफ्रेमपर्यंतच्या भागाला लागू होतो. पूर्वी फक्त सरळ, स्थिर आणि गुळगुळीत एवढेच पर्याय असलेल्या सॉफ्टवेअरमध्ये अपडेटनंतर एकदम ईझिंगची मोठी यादी आली की हा घोळ हमखास होतो. नावावर न जाता वर सांगितलेली २० फ्रेमची चाचणी करावी. एका बाजूनेच मऊ असलेल्या क्युबिकमध्ये पाचव्या फ्रेमला सुमारे १६ पिक्सेल आले तर सुरुवात मंद आहे, आणि सुमारे ५७८ आले तर शेवट मंद आहे.

नव्या आवृत्तीत जतन केलेला प्रकल्प जुन्या आवृत्तीत उघडून पूर्वीची हालचाल परत मिळवता येईल का?

बहुधा नाही, आणि म्हणूनच मूळ फाइलची प्रत हातात असणे महत्त्वाचे आहे.

प्रीमिअर प्रो जुना प्रकल्प नव्या मोठ्या आवृत्तीत उघडताना त्याचे रूपांतर करण्याची परवानगी मागते, आणि रूपांतरित फाइल नव्या नावाने ठेवण्याची सोय देते. जुने नाव तसेच राखावे आणि नव्या फाइलच्या नावात आवृत्तीचा क्रमांक घालावा. आफ्टर इफेक्ट्समध्ये लगतच्या जुन्या आवृत्तीसाठी प्रत जतन करण्याचा पर्याय आहे, पण त्याचा आवाका मर्यादित आहे. डाविंची रिझॉल्व्हमध्ये प्रकल्प सुट्या फाइलमध्ये नसून प्रकल्पसंग्रहात असतात. नवी मोठी आवृत्ती पहिल्यांदा उघडताना तो संपूर्ण संग्रह अद्ययावत करण्याची विचारणा होते. एकदा होकार दिला की तो संग्रह जुन्या आवृत्तीत उघडत नाही, त्यामुळे होकाराआधी संग्रहाची प्रत काढणे अनिवार्य समजावे. रिझॉल्व्हच्या २०२५ साली आलेल्या २०व्या आवृत्तीत टाइमलाइनसाठी नवे कीफ्रेम संपादक आणि वक्र पाहण्याची सोय आली. ज्यांनी तोपर्यंत एडिट पानावरच सगळे काम केले आहे, त्यांनी जुन्या प्रकल्पातले वक्र तिथे उघडून एकदा नजरेखालून घालावेत.

केडेनलाइव्हचे उदाहरण बोलके आहे. २०२० साली आलेल्या २०.०८ या आवृत्तीत प्रकल्पाच्या फाइलची रचना बदलली. दशांश दाखवण्यासाठी टिंब वापरायचे की स्वल्पविराम, या गोंधळामुळे अनेक वर्षे सॉफ्टवेअर बंद पडत होते आणि प्रकल्प बिघडत होते. तो गोंधळ मिटवण्यासाठी हा बदल होता, आणि त्याची किंमत अशी की नव्या आवृत्तीतले प्रकल्प त्याआधीच्या आवृत्त्यांत उघडेनासे झाले. भारतीय मांडणीत दशांशाला टिंब असल्याने येथे हा त्रास फारसा जाणवला नाही. जर्मनीत किंवा फ्रान्समध्ये तिथल्या भाषेत संगणक वापरणाऱ्यांना मात्र तो पुरेपूर जाणवला, कारण तिथे साडेबारा हा आकडा स्वल्पविरामाने लिहिला जातो, आणि असा आकडा चुकीच्या पद्धतीने वाचला गेला की त्याचा दशांश भाग गळून पडतो. तिथे राहणाऱ्या एखाद्या नातेवाइकाने त्या काळातला जुना प्रकल्प पाठवला असेल, तर कीफ्रेमच्या किमती पूर्णांकांवर आलेल्या नाहीत ना, हे आधी पाहावे.

प्रकल्पाची फाइल उघडून ईझिंग टिकले आहे की नाही, हे पाहता येते का?

केडेनलाइव्ह आणि शॉटकट यांच्या फाइल साध्या मजकुराच्या, एक्सएमएल रचनेच्या असतात. फाइलची प्रत काढावी आणि ती प्रत कोणत्याही मजकूर संपादकात उघडावी. कीफ्रेमची नोंद वेळ, चिन्ह आणि किंमत अशा क्रमाने दिसते, आणि अशा नोंदी अर्धविरामाने वेगळ्या केलेल्या असतात. वेळेनंतर नुसते = असेल तर हालचाल सरळ आहे. |= असेल तर स्थिर, म्हणजे होल्ड. ~= हा जुना, सैल गुळगुळीत प्रकार. $= नैसर्गिक आणि -= घट्ट. त्यापुढच्या ईझिंग प्रकारांसाठी इंग्रजी मुळाक्षरांतले एकेक अक्षर वापरले जाते.

अपडेटच्या आधीची आणि नंतरची फाइल शेजारी ठेवून ही चिन्हे ताडून पाहिली की शंका उरत नाही. पूर्वी ~= होते आणि आता नुसते = उरले असेल, तर जतन करताना ईझिंग खरोखर गळले आहे. चिन्ह तेच असून हालचाल वेगळी दिसत असेल, तर चिन्हाचा अर्थ लावणारे गणित किंवा प्रीव्ह्यू यांच्याकडे वळावे. नवे अक्षर असलेली फाइल जुन्या आवृत्तीत उघडली तर त्या आवृत्तीला ते अक्षर ओळखीचे नसते, त्यामुळे हालचाल टिकेल अशी अपेक्षा ठेवू नये. फाइल पाहण्यासाठी उघडावी, पण बदल शक्यतो सॉफ्टवेअरमधूनच करावेत. हाताने बदललेले एक चिन्ह चुकले तरी संपूर्ण प्रकल्प उघडेनासा होऊ शकतो.

प्रीव्ह्यूमध्ये हालचाल गचके खाते, पण रेंडर केलेली फाइल ठीक दिसते. काय करावे?

असे असेल तर ईझिंग शाबूत आहे. संगणकाला प्रत्येक फ्रेम वेळेत काढता येत नसल्याने मधल्या फ्रेम गळतात, आणि मऊ हालचालीत गळलेली फ्रेम सरळ हालचालीपेक्षा अधिक खुपते, कारण मधल्या टप्प्यात दोन फ्रेममधले अंतर मोठे असते. प्रीव्ह्यूचे रेझोल्युशन कमी करावे, प्रॉक्सी, म्हणजे क्लिपच्या हलक्या प्रती, वापराव्यात किंवा तेवढा भाग आधीच रेंडर करून पाहावा.

याच्या उलट अवस्थाही असते. टाइमलाइनवर जुनीच हालचाल दिसत राहते आणि अंतिम फाइलमध्ये नवी येते. अपडेटच्या आधी तयार झालेले तात्पुरते रेंडर अजून वापरले जात असतील तर असे होऊ शकते. प्रीमिअर प्रोमध्ये सीक्वेन्सच्या मेनूतून रेंडर फाइल काढून टाकाव्यात, आफ्टर इफेक्ट्समध्ये पर्जच्या पर्यायातून मेमरी आणि डिस्क कॅश रिकामी करावी, आणि केडेनलाइव्हमध्ये टाइमलाइनच्या वरची हिरवी पट्टी असलेला भाग पुन्हा रेंडर करून घ्यावा. सोपा उपाय वाटतो म्हणून लोक तो शेवटी करतात. तो सर्वांत आधी करावा.

कीफ्रेम अर्ध्या फ्रेमने सरकल्यासारखी वाटते. हा माझा भास आहे का?

भास नाही. प्रकल्पाचा फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला दाखवल्या जाणाऱ्या फ्रेमची संख्या, २५ असेल तर अर्धा सेकंद म्हणजे साडेबारा फ्रेम, आणि कीफ्रेमला बाराव्या किंवा तेराव्या फ्रेमवर बसावेच लागते. ३० फ्रेमच्या प्रकल्पात तोच क्षण बरोबर पंधराव्या फ्रेमवर येतो. अपडेटनंतर नव्या प्रकल्पाची मूळ मांडणी २५ऐवजी ३० झाली असेल, किंवा पहिली क्लिप टाकताना प्रकल्प तिच्या फ्रेमरेटनुसार बदलण्यास आपण नकळत होकार दिला असेल, तर सगळ्या छोट्या हालचालींचा पोत बदलतो. प्रकल्पाची मांडणी उघडून तो आकडा वाचावा.

मोबाइलवर चित्रित केलेल्या क्लिपमध्ये फ्रेमरेट अनेकदा बदलता असतो. अशा क्लिपवर लावलेली झूम अडखळते आणि दोष ईझिंगला दिला जातो. त्याच कीफ्रेम एका साध्या रंगाच्या क्लिपवर किंवा शीर्षकावर चिकटवून पाहाव्यात. तिथे हालचाल मऊ असेल तर दोष क्लिपचा आहे. ती स्थिर फ्रेमरेटमध्ये रूपांतरित करून घ्यावी, शॉटकटमध्ये त्यासाठी स्वतंत्र सोय आहे.

माझे जुने ईझिंग प्रीसेट चालेनासे झाले आहेत किंवा कीफ्रेम चिकटवताना वक्र येत नाही.

प्रीसेट, म्हणजे पुन्हा वापरण्यासाठी जतन केलेली मांडणी, हीसुद्धा जुन्या रचनेत लिहिलेली नोंद असते. एक कोरी क्लिप घेऊन तिच्यावर प्रीसेट लावावा, २० फ्रेमची चाचणी करावी आणि आकडा चुकत असेल तर वक्र दुरुस्त करून प्रीसेट नव्या नावाने जतन करावा. जुना पुसून टाकू नये, कारण जुन्या आवृत्तीत परतावे लागले तर तोच लागेल. कीफ्रेम एका गुणधर्मावरून दुसऱ्यावर चिकटवताना वक्र गळणे नवे नाही. एकाच गुणधर्मात चिकटवल्यावरही तो गळत असेल, तरच ते अपडेटशी जोडावे. तिसऱ्या पक्षाचे प्लगइन वापरत असाल तर त्याची नव्या आवृत्तीसाठीची प्रत आली आहे का, हे आधी पाहावे.

बेझिए हँडल ओढले की वक्र अनपेक्षित वळतो. पूर्वी असे होत नव्हते.

कारमोटारींच्या पत्र्याचे वळण नेमकेपणाने मांडता यावे म्हणून रेनॉ कंपनीतल्या पिअर बेझिए या अभियंत्याने १९६०च्या दशकात हे वक्र रूढ केले. सित्रोएन कंपनीत पॉल द कास्तेलजो यांनी तेच गणित स्वतंत्रपणे मांडले होते. कीफ्रेमचा वक्रही त्याच गणिताने चालतो, पण त्याला एक जादा अट असते. काळ मागे जाऊ शकत नाही, त्यामुळे हँडल आडव्या दिशेने पुढच्या कीफ्रेमच्या पलीकडे ओढले तर सॉफ्टवेअरला ते कुठेतरी अडवावे लागते. कुठे अडवायचे हे प्रत्येक सॉफ्टवेअर आपापल्या रीतीने ठरवते. आपले जुने हँडल फार लांब ओढलेले असतील, तर अडवण्याची रीत बदलताच वक्र बदलतो. हँडल दोन कीफ्रेममधल्या अंतराच्या आत ठेवावेत, म्हणजे ते कुठेही सारखेच वागतात.

दोन्ही बाजूंचे हँडल एकदम हलत असतील तर कीफ्रेम कंटिन्युअस प्रकारची झाली आहे. ती साध्या बेझिएमध्ये बदलली की दोन्ही बाजू सुट्या होतात.

मग आता सगळ्या कीफ्रेम पुन्हा लावाव्या लागतील का?

क्वचितच. कीफ्रेमच्या वेळा आणि किमती शाबूत असतात, बदलायचा असतो तो फक्त मधला प्रकार, आणि तो अनेक कीफ्रेम एकत्र निवडून एकदम बदलता येतो. आधी एकाच शॉटवर योग्य प्रकार शोधावा, मग तो बाकीच्या शॉटवर लावावा. मी वर सांगितलेल्या लग्नाच्या चित्रफितीत शंभरहून अधिक फोटो होते. पहिल्या फोटोवर योग्य प्रकार शोधायला संध्याकाळ गेली, उरलेल्या सगळ्यांना तो लावायला पाऊण तासही लागला नाही. घाईने एकेक फोटो दुरुस्त करायला बसलो असतो तर दोन दिवस गेले असते आणि प्रत्येक फोटोची हालचाल थोडी वेगळी झाली असती.

जुन्या आवृत्तीकडे परत जावे का?

काम दोन दिवसांत द्यायचे असेल आणि अपडेटच्या आधीची फाइल जपलेली असेल, तर होय, निःसंकोच परत जावे. नव्या आवृत्तीत त्या फाइलवर बरेच काम होऊन गेले असेल तर परत जाण्यात अर्थ नाही, तिथेच दुरुस्ती करावी.

दोन्ही आवृत्त्या एकाच संगणकावर ठेवणे अनेकदा शक्य असते. आफ्टर इफेक्ट्स आणि प्रीमिअर प्रोच्या मोठ्या आवृत्त्या शेजारी शेजारी राहू शकतात, मात्र नवी बसवताना जुनी काढून टाकण्याचा पर्याय बंद करावा लागतो. केडेनलाइव्ह लिनक्सवर अॅपइमेजच्या, म्हणजे न बसवता चालणाऱ्या एकाच फाइलच्या, रूपात आणि विंडोजवर न बसवता चालणाऱ्या रूपात मिळते, त्यामुळे जुनी प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून चालवता येते. अशा दोन आवृत्त्यांची प्राधान्ये सामाईक असू शकतात, म्हणून एकीत केलेला बदल दुसरीत दिसला तर गोंधळू नये. केडेनलाइव्ह स्वतःहून प्रकल्पाच्या मागच्या प्रती ठेवते आणि फाइलच्या मेनूतून त्या उघडता येतात. मूळ फाइलवर नवी फाइल लिहिली गेली असेल तर पहिला आधार तोच आहे.

हा सॉफ्टवेअरचाच दोष आहे अशी खात्री झाली, तर तक्रार कशी नोंदवावी?

सगळा प्रकल्प पाठवू नये. एक रंगीत क्लिप, दोन किंवा चार कीफ्रेम आणि एकच ईझिंग एवढाच नवा प्रकल्प तयार करावा आणि त्यात दोष दिसतो याची खात्री करावी. जुन्या आवृत्तीचा क्रमांक, नव्या आवृत्तीचा क्रमांक, संगणकाची कार्यप्रणाली, प्रकल्पाचा फ्रेमरेट, आणि पाचव्या फ्रेमला अपेक्षित किंमत किती व प्रत्यक्ष किती, हे लिहावे. हालचाल विचित्र दिसते या वाक्यावर दुरुस्ती करणाऱ्याला काहीच करता येत नाही. १५६ यायला हवे तिथे २५० येतात, या वाक्यावर तो लगेच कामाला लागू शकतो. केडेनलाइव्हच्या तक्रारी केडीईच्या बग नोंदणी व्यवस्थेत जातात. तिथे आधी शोध घ्यावा, आणि तीच तक्रार असेल तर नवी न नोंदवता आपली छोटी फाइल तिला जोडावी.

पुढच्या अपडेटआधी किमान काय करावे?

चालू काम पूर्ण होऊन ग्राहकाच्या हाती पडेपर्यंत अपडेट करू नये. नंतर करताना प्रकल्पाची फाइल, प्रीसेट आणि रिझॉल्व्ह वापरत असाल तर संग्रहाची प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवावी. आपण नेहमी वापरतो ते चार-पाच ईझिंग एका छोट्या प्रकल्पात २० फ्रेमच्या चाचणीने मांडून ठेवावेत, पाचव्या फ्रेमचे आकडे वहीत लिहावेत, आणि अपडेट झाल्यावर तो प्रकल्प सर्वांत आधी उघडून आकडे ताडून पाहावेत.